रान म्हणजे जंगल नव्हे!

आधीच सांगून टाकते. वरवर हा लेख भाषेवरचा वाटेल, पण खरं तर हा एक माफीनामा आहे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे मराठीत एवढं लांबलचक लिहायची ही पहिलीच वेळ. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी दुरुस्त केलंय, विचार मात्र माझे आहेत.

फर्स्ट इयरची पहिली रात्र. हॉस्टेलमध्ये आम्ही सगळ्या नव्या मुली एका खोलीत जमलो होतो. प्रत्येकीने नाव, गाव, घरी कोण काय करतं ते सांगायचं, असं ठरलं. माझी पाळी आली तेव्हा मी ऐटीत सातारा, शाळेचं नाव, वडिलांची नोकरी वगैरे सांगितलं. माझ्यानंतर माझी रूममेट. ती म्हणाली, "आमचं गाव जतच्या पूर्वेला. वडील रानात असतात."

मी म्हटलं, "अय्या, फॉरेस्ट ऑफिसर आहेत का?"

शपथेवर सांगते, मी अगदी मनापासून विचारलं होतं. पण खोलीत एकदम हशा पिकला. कुणीतरी टार्झनचा आवाज काढला. रूममेटचा चेहरा पडलेला मला दिसला होता, तरी हसणाऱ्यांत मीही होते. दुसऱ्या दिवसापासून तिचं नाव पडलं 'जंगल'. "ए जंगल, पाणी आलं का?" "जंगल, जर्नल दे ना!" दोन सेमिस्टर हे नाव चाललं. ते मी ठेवलं नव्हतं हे खरं, पण सुरुवात माझ्याच प्रश्नाने झाली होती.

त्यातून एक गोष्ट घडली, ती कुणाच्या लक्षातच आली नाही. ती आमच्यासमोर बोलेनाशी झाली. वर्गात डाउट विचारायची नाही. ओरलला उत्तर येत असूनही गप्प उभी राहायची. तिची जर्नल्स बघून आम्ही सबमिशन करत होतो, आणि ओरलला मार्क मात्र आम्हाला जास्त! खूप नंतर तिने कारण सांगितलं, "तोंड उघडलं की कुठला शब्द चुकीचा निघेल सांगता येत नाही. त्यापेक्षा गप्प बरं."

चुकीचा शब्द! मागच्या दिवाळीत मी कोरेगाव तालुक्यात आमच्या आजीकडे गेले होते. दुपारी आजी म्हणाली, "तुझा आजा रानात गेलाय बघ, जेवायला हाक मार जा." मी जागच्या जागी उभी राहिले. म्हणजे माझ्या सख्ख्या आजीच्या तोंडात हा शब्द वीस वर्षं होता! "रानात खत टाकलंय", "खालचं रान नांगरून घेतलं", "काळं रान हाय आपलं". हे सगळं माझ्या कानावरून गेलं होतं, पण मी कधी ऐकलंच नव्हतं. आमच्या शाळेत मराठी बोललं की एक रुपया दंड भरावा लागे. तो दंड चुकवता चुकवता मी स्वतःच्या आजीचे शब्द हरवून बसले होते, आणि वर दुसरीच्या शब्दाला हसत होते.

सातारा-सांगली भागात रान म्हणजे शेत, हे हॉस्टेलमधल्या निम्म्या लोकांना सांगायची गरज नाही. पण पुस्तकातून मराठी शिकलेल्या माझ्यासारखीला रान म्हणजे रानफूल, रानडुक्कर, रानवाट, थोडक्यात जंगल. दोन्ही अर्थ खरे आहेत. ऐकणाऱ्याचं गाव बदललं की अर्थ बदलतो. 'वस्ती' हा शब्द घ्या. पुण्या-मुंबईच्या मुलीला 'आम्ही वस्तीवर राहतो' ऐकलं की झोपडपट्टी डोळ्यासमोर येते. आपल्याकडे वस्ती म्हणजे गावाबाहेर रानात बांधलेली घरं. आणि एसटी स्टँडवर 'वस्तीची गाडी' म्हणजे रात्री गावात मुक्काम करणारी गाडी! तसंच 'जनावर'. आपल्याकडे गाय, म्हैस, बैल. कोकणातल्या मुलीने "बाथरूममध्ये जनावर आहे" म्हणून किंचाळी मारली तर म्हैस शोधायला जाऊ नका, तिला साप दिसलाय!

ही झाली एका मराठीतली गंमत. आपल्या हॉस्टेलमध्ये तर मराठी, हिंदी, कन्नड सगळंच चालतं. तिथे एकच शब्द दारातून आत येताना एक असतो आणि बाहेर जाताना दुसरा!

मागच्या उन्हाळ्यात सकाळी पाणी गेलं होतं. मी शेजारच्या खोलीतल्या भोपाळच्या मैत्रिणीला ओरडून सांगितलं, "टँकर खाली आहे!" ती बिचारी "ठीक है" म्हणून पुन्हा झोपली. मराठीत 'खाली' म्हणजे जिन्याखाली, तळमजल्यावर. हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामा. आम्ही सगळ्या बादल्या भरून वर आलो, आणि ती बिनअंघोळीची प्रॅक्टिकलला! उशीर झालाच होता, म्हणून तिने माफीची चिठ्ठी लिहिली. त्यात शेवटी होतं की यापुढे वेळेवर यायची 'चेष्टा करूँगी'. लॅबमधले काका भडकले. "आधी उशिरा यायचं आणि वर चेष्टा करणार म्हणते!" हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, बंगालीतही तेच. मराठीत चेष्टा म्हणजे टिंगल. मुळात संस्कृतमध्ये चेष्टा म्हणजे हालचाल, हावभाव. एकाने त्या हालचालीत धडपड पाहिली, दुसऱ्याने वेडावणं पाहिलं.

आणखी एक. रूममेट एकदा म्हणाली, "माझे मामा विजापूरला उपन्यासक आहेत." भोपाळवालीचे डोळे चमकले. तिने विचारलं, "कौन सा उपन्यास लिखा है?" हिंदीत आणि बंगालीत उपन्यास म्हणजे कादंबरी. कन्नडमध्ये उपन्यास म्हणजे व्याख्यान, आणि उपन्यासक म्हणजे आपले लेक्चरर! मला वाटलं कुठल्यातरी न्यासाचे, म्हणजे ट्रस्टचे, पदाधिकारी असतील. तिघींच्या डोक्यात तीन मामा. त्या दिवशी मात्र कुणी कुणाला हसलं नाही, कारण तिघीही सारख्याच चुकल्या होत्या! आणि कन्नडमध्ये 'नॉव्हेल'ला काय म्हणतात, तर कादंबरी! म्हणजे या बाबतीत मराठी हिंदीच्या नाही, कन्नडच्या शेजारी बसते. बाणभट्टाच्या 'कादंबरी' या संस्कृत ग्रंथाच्या नायिकेचं नाव दोन्ही भाषांनी उचललं आणि त्या साहित्यप्रकारालाच देऊन टाकलं.

असं का होतं? मला वाटतं, त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण 'शिक्षा' हा शब्द आहे. संस्कृतमध्ये शिक्ष् म्हणजे शिकणं. शिक्षा म्हणजे शिकणं-शिकवणं, आणि सहा वेदांगांपैकी उच्चारशास्त्राचं नावही शिक्षाच. हिंदी आणि बंगालीने शिकण्याचा अर्थ ठेवला. मराठीत शिक्षा म्हणजे दंड, मार, कोर्टाने ठोठावलेली कैद. कन्नड, तेलुगू, मल्याळममध्येही शिक्षेचा अर्थ हाच. शिकण्याचा मार कसा झाला हे समजायला फार संशोधन नको. आजही आपण चिडलो की म्हणतो, "थांब, चांगला धडा शिकवतो तुला!" धडा शिकवणं म्हणजे काय, हे शाळेत गेलेल्या प्रत्येकाच्या हाताला ठाऊक आहे.

म्हणूनच २००१ च्या सुमारास 'सर्व शिक्षा अभियान' आलं, तेव्हा महाराष्ट्रात "सगळ्यांना शिक्षा!" असा विनोद सुरू झाला. २०१८ मध्ये ते 'समग्र शिक्षा' योजनेत विलीन झालं, म्हणजे विनोद मराठी कानाला आणखी भारी झाला! २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याला हिंदीत 'शिक्षा का अधिकार' म्हणतात. आणि याच कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलांना मारहाण आणि मानसिक छळ करायला बंदी घातली. म्हणजे 'शिक्षे'च्या कायद्याने शिक्षा बंद केली! हे वाक्य फक्त मराठी-हिंदी दोन्ही येणाऱ्यालाच कळेल.

वर मी 'संशोधन' लिहिलं. मराठीत संशोधन म्हणजे रिसर्च, कन्नडमध्येही तेच. पण हिंदीत 'संविधान संशोधन' म्हणजे आपली घटनादुरुस्ती, आणि रिसर्चला तिकडे शोध किंवा अनुसंधान म्हणतात. आपल्याकडे शोध लागतो तो न्यूटनला, नाहीतर हरवलेल्या कॅल्क्युलेटरचा! 'राजीनामा' म्हणजे आपल्याकडे खुर्ची सोडल्याचं पत्र. मूळ फारसी अर्थ राजी असल्याचा कागद, आणि हिंदीत राजीनामा म्हणजे दोन पक्षांची तडजोड. एकाच कागदाने इकडे माणूस बाहेर पडतो आणि तिकडे भांडण मिटतं.

आता काही जण म्हणतील, "एवढा गोंधळ कशाला? सगळ्यांनी सरळ प्रमाण मराठी बोला, नाहीतर इंग्लिश बोला. प्रश्न मिटला." मीही दोन वर्षांपूर्वी हेच म्हटलं असतं. पण प्रश्न मिटत नाही. 'टेन्शन' हा शब्द बघा. मेकॅनिक्सच्या सरांचं टेन्शन दोरीत असतं, आपलं टेन्शन निकालाच्या आदल्या रात्री असतं. 'सबमिशन'चा इंग्लिशमध्ये एक अर्थ शरणागती आहे. (सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यात तोच अर्थ बरोबर वाटतो!) 'कॉपी' म्हणजे नक्कल, पण आपल्याकडे परीक्षेत कॉपी सापडली म्हणजे वर्ष गेलं. आणि 'डोनेशन' म्हणजे खरं तर दान. दान देणाऱ्या आई-वडिलांचे चेहरे आनंदी असायला हवेत ना? ॲडमिशनच्या वेळी डोनेशनचा आकडा ऐकणाऱ्यांचे चेहरे आठवून बघा.

राहिली प्रमाण मराठी. प्रमाण मराठीलाही एक गाव आहे, एक घर आहे. त्या घरात जन्मलेल्याला ती फुकट मिळते, बाकीच्यांना ती शिकावी लागते. ती जरूर शिकावी, मीही आत्ता शिकतेच आहे. पण ती येत नाही म्हणून समोरचा अडाणी ठरत नाही.

शिवाय शब्दाचा अर्थ नेहमी वरूनच ठरतो असं कुठे आहे? आपल्याच भागातलं उदाहरण देते. १९४३ मध्ये सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रज सरकारला समांतर असं 'प्रतिसरकार' उभारलं. येडे मच्छिंद्र हे गाव तेव्हा साताऱ्यातच होतं. पुढे साताऱ्याचा हा भाग आणि सांगली, मिरज, जत ही संस्थानं मिळून १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली ठेवलं गेलं. तर या प्रतिसरकारला लोक म्हणायला लागले 'पत्री सरकार'. बैलाच्या खुराला ठोकतात ती पत्री. फितुरांच्या आणि गावगुंडांच्या तळपायांना हे सरकार पत्री ठोकतं, असं गावोगावी सांगत. हीच पत्री गणपतीला वाहतात तेव्हा ती झाडाची पानं असते, आणि हिंदीत 'चिट्ठी-पत्री' म्हणतात तेव्हा ती पत्र असते. पुस्तकी शब्द 'प्रति', पण लोकांनी आपल्या गोठ्यातला शब्द त्या जागी बसवला, आणि इतिहासात दोन्ही नावं राहिली. आज कुणी उठून म्हणेल का, की त्या लोकांचा शब्द चुकला?

आता आपल्या इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगते. सिग्मा हे एकच चिन्ह घ्या. स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्समध्ये सिग्मा म्हणजे स्ट्रेस. मॅथ्समध्ये स्टॅटिस्टिक्स आलं की सिग्मा म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन. इलेक्ट्रिकलवाल्यांचा सिग्मा म्हणजे कंडक्टिव्हिटी. हीट ट्रान्सफरमध्ये तो स्टीफन-बोल्ट्झमनचा स्थिरांक. मॅथ्सवाले वर्गमूळात उणे एकला 'आय' म्हणतात, आणि इलेक्ट्रिकलमध्ये 'आय' म्हणजे करंट असल्यामुळे तिथे त्यालाच 'जे' म्हणतात. यावरून कधी कुठल्या डिपार्टमेंटने दुसऱ्याला हसल्याचं ऐकलंय? कधी मेकॅनिकलच्या सरांनी इलेक्ट्रिकलच्या मुलाला "तुमचा सिग्मा अशुद्ध आहे" म्हटलंय? नाही. आपण काय करतो? गणिताच्या सुरुवातीला एक ओळ लिहितो, 'येथे सिग्मा म्हणजे अमुक', आणि पुढे जातो. चिन्हाच्या बाबतीत आपण इतके समजूतदार आहोत. माणसाच्या बाबतीत ती एक ओळ लिहायला आपण का विसरतो? त्या रात्री "रान म्हणजे काय गं?" एवढंच विचारलं असतं, तर एका मुलीचं पहिलं वर्ष गप्प बसून गेलं नसतं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या ४० गावांवर कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी दावा सांगितला आणि पेपरात ते खूप गाजलं. रूममेट सांगते, तेव्हा तिला बाहेर कुणीही विचारायचं, "मग तुम्ही नक्की कुणाचे? इकडचे की तिकडचे?" घरात कन्नड, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्लिश. तीन भाषा येणाऱ्या मुलीला एक भाषा येणारे लोक विचारत होते की तू नक्की कुणाची! आणि हॉस्टेलमध्ये आल्यावर आम्ही तिला जंगलाची करून टाकली.

या वर्षी मी तिच्या गावी जाऊन आले. पोटभर जेवण झालं, वडापची जीप सुटेल म्हणून मी घाईघाईने उठले, तर तिची आजी हात धरून म्हणाली, "अवसर माडब्याड." मी गोंधळले. हिंदीत अवसर म्हणजे संधी, मराठीत अवसर म्हणजे सवड, वेळ. रूममेट हसून म्हणाली, "कन्नडमध्ये अवसर म्हणजे घाई. घाई करू नको म्हणते आजी." म्हणजे आमच्याकडे वेळ असला की अवसर, आणि त्यांच्याकडे वेळ नसला की अवसर! मी पुन्हा बसले. जीप गेली. मग तिच्या वडिलांनी मला त्यांचं रान दाखवलं. द्राक्षबाग होती, कडेला थोडी ज्वारी. जंगल कुठेच नव्हतं.

शेवटी एक शब्द सांगते, 'अभिमान'. मराठीत आपल्याला शाळेचा, गावाचा अभिमान असतो आणि तो चांगला समजतात. हिंदीत तो बऱ्याचदा घमेंडीकडे झुकतो. बंगालीत अभिमान म्हणजे आपल्याच माणसाने दुखावल्यावर येतो तो रुसवा. परक्यावर अभिमान करता येत नाही. आणि कन्नडमध्ये अभिमान म्हणजे प्रेम, जिव्हाळा, चाहता तो 'अभिमानी'. पहिल्या वर्षी माझ्याकडे हिंदीतला अभिमान होता आणि तिच्याकडे बंगालीतला. आता आम्ही दोघी कन्नडमधल्या अभिमानाची 'चेष्टा' करतोय, म्हणजे भोपाळवाली करते ती चेष्टा!

नुसती माफी मागून लेख संपवणं बरं नाही, म्हणून तीन सूचना. एक, मेसच्या बाहेरच्या फळ्यावर दर सोमवारी एक शब्द लिहू, आणि तो कुणाच्या घरी कुठल्या अर्थाने वापरतात ते ज्याचं त्याने खाली (म्हणजे जिन्याखाली नव्हे!) लिहावं. दोन, नव्या मुलामुलींच्या ओळखीच्या रात्री हसण्याआधी विचारायचं, असा नियम सिनिअर्सनीच करावा. तीन, सरांना आणि मॅडमना नम्र विनंती. ओरलला एखादा विद्यार्थी वेगळा शब्द वापरून अडखळला, तर कृपया एकदा विचारा, "तुला काय म्हणायचंय?" उत्तर बऱ्याचदा बरोबर असतं, फक्त शब्द दुसऱ्या गावचा असतो.

हा लेख छापण्याआधी मी रूममेटला वाचून दाखवला. तिची परवानगी घेतली, तिच्या सांगण्यावरूनच तिचं नाव टाकलं नाही. सगळं ऐकून ती म्हणाली, "बरं लिहिलंस. पण एक चूक आहे. वडील आता रानात नसतात, द्राक्षं काढून झाली. सध्या बाजारात असतात."

बघा, पटतंय का. नाही पटलं तर भांडायला जरूर या. मी खाली असते. मराठीतल्या.

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)